अपडेट केलं, पण माप घेतलं का?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि लोकलमध्ये जे कानावर पडेल ते, असा सगळा कारभार. त्यामुळे मराठी विभागाच्या संपादकांनी ‘तू लिहिशील का?’ असं विचारलं तेव्हा आधी हसूच आलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र मी मनापासून निवडला आहे, कारण तो मला चांगलाच महागात पडला!

गेल्या उन्हाळ्यात मी लोअर परळला एका खासगी लॅबमध्ये चार आठवडे इंटर्नशिप केली. लॅब एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. बाहेर अजून ती उंच दगडी भिंत आहे आणि आत काचेची ऑफिसं. लॅबमध्ये एक पिपेटिंग रोबो होता. इन्स्ट्रुमेंटेशनची मुलगी म्हणून त्याची ‘देखभाल’ माझ्याकडे आली. मला केवढा आनंद! एका शुक्रवारी संध्याकाळी स्क्रीनवर निरोप झळकला: ‘नवीन सॉफ्टवेअर उपलब्ध आहे.’ मी काय केलं? मोबाइलवर आपण सगळेच करतो तेच. न वाचता ‘अपडेट’ दाबलं आणि घरी गेले.

सोमवारी रोबो छान चालला. एकही एरर नाही, शेवटी हिरवी खूण. आणि दुपारी मॅडमनी अख्खी प्लेट रद्द केली.

का रद्द केली, ते सांगण्याआधी हा प्राणी नेमका आहे कसा, ते बघू या.

पिपेट म्हणजे काय, रोबो कशाला?

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला काचेची पिपेट आपण सगळ्यांनी धरली आहे. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये मात्र मिलिलिटर ही फार मोठी गोष्ट झाली. तिथे हिशेब मायक्रोलिटरचा, म्हणजे लिटरच्या दहा लाखाव्या भागाचा. १ मायक्रोलिटर म्हणजे बरोबर १ घन मिलिमीटर. साबुदाण्याचा कोरडा दाणासुद्धा याच्यापेक्षा मोठा असतो!

एवढं थोडं द्रव तोंडाने ओढणं धोक्याचं आणि बेभरवशाचं. जर्मनीत मारबुर्गला हाइनरिश श्निटगर नावाच्या संशोधकाला याचाच वैताग आला आणि १९५७ मध्ये त्याने अंगठ्याने दाबायची, दट्ट्या असलेली पिपेट तयार केली. आजही तत्त्व तेच आहे. दट्ट्या वर गेला की आतली हवा वर खेचली जाते आणि तिच्यामागून द्रव टोकाच्या प्लॅस्टिक टिपमध्ये चढतं. दट्ट्या आणि द्रव यांच्यामध्ये हवेची उशी असते, म्हणून पिपेटला द्रव लागत नाही. दर सॅम्पलला टिप बदलायची, बस्स.

पण एका प्लेटमध्ये ९६ खळगे असतात, ८ ओळी आणि १२ रकाने. दिवसभर अशा प्लेटी भरायच्या तर अंगठा कामातून जातो आणि चौथ्या प्लेटला लक्षही उडतं. म्हणून रोबो. २०२० मध्ये कोविडच्या काळात याची किंमत सगळ्यांना कळली. आपल्या परळच्याच आयसीएमआरच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेत, नोएडा आणि कोलकात्यासोबत, २७ जुलै २०२० रोजी दिवसाला दहा हजारांहून जास्त नमुने तपासू शकणाऱ्या सोयीचं उद्घाटन झालं. हे काम नुसत्या अंगठ्यांच्या जोरावर होणारं नव्हतं.

रोबोचे दोन प्रश्न: कुठे आणि किती?

रोबो म्हटलं की आपल्याला सिनेमातला रोबो आठवतो. हा तसा नाही. थ्रीडी प्रिंटर पाहिला असेल तर अर्धा रोबो पाहिल्यासारखाच आहे. वर पट्ट्यांवर सरकणारी पिपेट, खाली टेबल (त्याला डेक म्हणतात) आणि त्यावर प्लेटी, नळ्या, टिपांचे डबे. त्याला पूर्ण वेळ दोनच प्रश्न सोडवायचे असतात: टोक कुठे न्यायचं आणि द्रव किती ओढायचं.

आधी ‘कुठे’. पट्टा स्टेपर मोटरवर फिरतो. मोटर एका फेरीत २०० पावलं टाकते. पुलीला २० दाते आणि पट्ट्याच्या दात्यांमधलं अंतर २ मिलिमीटर असेल, तर एका फेरीत ४० मिलिमीटर सरकतो, म्हणजे एका पावलाला ०.२ मिलिमीटर. पावलाचे आणखी १६ भाग केले की ०.०१२५ मिलिमीटर. वा! मग प्रश्न कुठे आहे?

प्रश्न असा, की मोटर ‘किती सरकले’ हे सांगते, ‘कुठे आहे’ हे सांगत नाही. टेबल जरासं तिरकं बसलं असेल तर? समजा, ३०० मिलिमीटरच्या डेकमध्ये फक्त ०.२ अंशांचा तिरकसपणा आहे. दुसऱ्या टोकाला चूक होते सुमारे १ मिलिमीटर. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये दोन खळग्यांच्या मध्यांत ९ मिलिमीटर असतात, तिथे निभावतं. ३८४ खळग्यांच्या प्लेटमध्ये हेच अंतर ४.५ मिलिमीटर. तिथे टोक भिंतीवर आपटायला वेळ लागत नाही.

यावर उपाय आपल्या एम-वनमध्ये आहे! (ज्यांना एम-वनची केटी आहे त्यांनीही वाचा, मॅट्रिक्स पहिल्यांदाच उपयोगी पडताना दिसेल.) डेकवर तीन ठिकाणी फुल्या कोरलेल्या असतात. आपण टोक हळूहळू सरकवत प्रत्येक फुलीवर टेकवायचं आणि ‘सेव्ह’ म्हणायचं. खरा बिंदू आणि मोटरला वाटणारा बिंदू यांचं नातं असं मांडता येतं: नवा एक्स म्हणजे ए गुणिले एक्स, अधिक बी गुणिले वाय, अधिक सी. नव्या वायचं समीकरणही तसंच. एकूण सहा अज्ञात संख्या. तीन फुल्यांचे तीन एक्स आणि तीन वाय, म्हणजे सहा समीकरणं. सुटलं! तिरकसपणा, सरकलेपणा, पट्ट्याचा ताण, सगळं त्या सहा आकड्यांत येतं. स्क्रूड्रायव्हर न उचलता टेबल सरळ.

उंचीचं थोडं वेगळं. टोक नुसत्या पिपेटचं नसतं, टिपचं असतं, आणि वेगवेगळ्या कंपन्यांच्या टिपांची लांबी वेगवेगळी. म्हणून पिपेट आधी टिपशिवाय एका ठोकळ्यावर टेकवायची, मग टिप लावून टेकवायची. दोन उंचींतला फरक म्हणजे टिपची लांबी. साधी वजाबाकी. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच मला नडला.

‘किती’ हे तराजू सांगतो

आता दुसरा प्रश्न. दट्ट्याचा व्यास १ मिलिमीटर धरला, तर त्याचं क्षेत्रफळ ०.७८५ चौरस मिलिमीटर. १ मायक्रोलिटर ओढायला तो १.२७ मिलिमीटर सरकायला हवा. कागदावर सोपं आहे. प्रत्यक्षात मधली हवेची उशी ताणली जाते, थोडं द्रव टिपच्या आत चिकटून राहतं, आणि रक्ताचा सीरम पाण्यापेक्षा दाट असल्यामुळे सावकाश चढतो. म्हणून ‘इतके मिलिमीटर म्हणजे इतके मायक्रोलिटर’ ही सरळ रेषा नसते. सॉफ्टवेअरमध्ये तिचे छोटे छोटे तुकडे करून एक कोष्टक ठेवलेलं असतं.

ते कोष्टक खरं की खोटं, हे कोण सांगणार? तराजू! पिपेटने शुद्ध पाणी सोडायचं आणि वजन करायचं, दहा वेळा. आयएसओ ८६५५ या मानकात हीच पद्धत आहे. पण १०० मायक्रोलिटर पाणी १०० मिलिग्रॅम भरत नाही. २५ अंश सेल्सिअसला ते सुमारे ९९.६ मिलिग्रॅम भरतं, कारण पाणी तापलं की विरळ होतं आणि आजूबाजूची हवासुद्धा त्याला किंचित उचलून धरते. म्हणून वजनाला तापमानाप्रमाणे एका आकड्याने गुणायचं, २५ अंशांना १.००४० ने. १०० मायक्रोलिटरच्या पिपेटला मानक सरासरीत ०.८ मायक्रोलिटरची चूक माफ करतं. त्याहून जास्त नाही.

‘एवढ्याशा चुकीने काय होतंय?’ असं मलाही वाटलं होतं. मग हे गणित करून बघा. १०० मायक्रोलिटर नमुना १०० मायक्रोलिटर द्रावणात मिसळायचा, त्यातून १०० पुढच्या खळग्यात, असं दहा वेळा. प्रत्येक वेळी निम्मं. आता रोबो दर वेळी १०० ऐवजी ९७ ओढतोय असं समजा. पहिल्या पायरीला चूक दीड टक्का, कोणाच्या नजरेतही येणार नाही. दहाव्या पायरीला उत्तर १४ टक्क्यांनी कमी! चूक चक्रवाढ व्याजाने वाढते.

मग अपडेटमध्ये बदलतं काय?

आता लक्षात आलं असेल, की रोबोचं लोखंड तेच राहिलं तरी सहा आकडे, टिपची लांबी आणि ते कोष्टक बदललं की रोबो बदलला. आणि हे तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये राहतात.

न्यूयॉर्कच्या ओपनट्रॉन्स कंपनीच्या ओटी-२ या रोबोचं उदाहरण अभ्यासाला फार चांगलं आहे, कारण त्याचं सॉफ्टवेअर खुलं आहे, कोणीही वाचू शकतं आणि पायथनमध्ये त्याला हुकूम देता येतात. (आमच्या लॅबमधला रोबो कोणाचा होता हे सांगत नाही, कारण चूक त्याची नव्हतीच.) ओटी-२ च्या ३.७.० या आवृत्तीत काही जुन्या पिपेटींचं ओढण्याचं कोष्टक सुधारलं. म्हणजे आधीपेक्षा माप जास्त अचूक झालं. छान! पण त्यासोबत कंपनीने सेटिंगमध्ये एक बटणही ठेवलं: हवं असेल तर जुनं, कमी अचूक कोष्टकच वापरा.

मला हे आधी वेड्यासारखं वाटलं. कमी अचूक कोणाला हवं असेल? मॅडमनी समजावलं. समजा, एखादा अभ्यास सहा महिने चालला आहे. तीन महिन्यांचे नमुने जुन्या मापाने झाले. आता मधेच नवं माप आलं, तर आकड्यांत दिसणारा फरक पेशंटमधला की रोबोमधला, हे कसं ओळखणार? अचूक असणं वेगळं आणि कालच्यासारखं असणं वेगळं. लॅबला दोन्ही लागतं आणि कधी कधी त्यातलं एक निवडावं लागतं. ती निवड माणसाने करायची असते, शुक्रवारी संध्याकाळी घाईत बटण दाबून नाही.

नवे रोबो अर्थातच हुशार होत आहेत. त्याच कंपनीचा २०२३ मध्ये आलेला फ्लेक्स हा रोबो धातूची एक कांडी लावून स्वतःच डेकला स्पर्श करतो आणि जागा शोधून काढतो, माणसाला फुल्यांवर डोळे ताणावे लागत नाहीत. पुढे एका अपडेटने त्याच्या पिपेटमधल्या प्रेशर सेन्सरचा उपयोग द्रवाची पातळी ओळखायला सुरू झाला. सेन्सर आधीपासून आत होता, काम त्याला सॉफ्टवेअरने दिलं. तेव्हा अपडेटच्या विरोधात मी मुळीच नाही.

त्या सोमवारी काय झालं?

आता माझी गोष्ट पूर्ण करते. आमच्या लॅबमध्ये स्थानिक विक्रेत्याकडच्या टिपा वापरायचे. त्या नेहमीच्या टिपांपेक्षा २ मिलिमीटर आखूड. माझ्या आधी कोणीतरी ती लांबी नीट मोजून साठवून ठेवली होती. नव्या आवृत्तीने टिपची लांबी साठवायची पद्धत बदलली होती आणि माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलं होतं: ‘अपडेटनंतर टिपची लांबी पुन्हा मोजा, तोपर्यंत ठरावीक लांबी धरली जाईल.’ मी ते वाचलंच नव्हतं.

झालं असं, की रोबोला वाटलं टिप २ मिलिमीटर लांब आहे. नळीच्या तळापासून १ मिलिमीटरवर टोक न्यायचं, तर ते ३ मिलिमीटरवर थांबायला लागलं. भरलेल्या नळ्यांत काही फरक पडला नाही. ज्या नळ्यांत तळाशी थोडंसंच होतं, तिथे रोबोने अर्धी हवा ओढली. त्याच्या दृष्टीने दट्ट्या बरोबर सरकला होता, म्हणून एरर नाही. हिरवी खूण.

नशीब असं, की कंट्रोलच्या नळीतही थोडंच उरलं होतं. कंट्रोल म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं तो नमुना. त्याचं उत्तर कमी आलं आणि मॅडमनी प्लेट थांबवली. एकही चुकीचा रिपोर्ट बाहेर गेला नाही. पण कंट्रोलची नळी भरलेली असती तर? तो विचार अजून नकोसा वाटतो.

मॅडमनी सगळ्यांना विचारलं, “शुक्रवारनंतर काय बदललं?” लॉगबुकात काहीच लिहिलेलं नव्हतं, कारण लिहायचं मला होतं. दहा मिनिटं मी गप्प बसले. खरं सांगते, गप्प. तेवढ्यात काउंटरवर लालबागहून आलेले एक काका बायकोचा रिपोर्ट मागत होते. त्यांना सांगितलं, उद्या या. ते कोणावर चिडले नाहीत. पावतीची घडी घालत एवढंच म्हणाले, “म्हणजे उद्या परत हाफ डे टाकायला लागेल.” मग मात्र मला राहवलं नाही. मी मॅडमना जाऊन सांगितलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, “आता माप घे. सगळं. आणि लिही.” रात्री नऊपर्यंत मी आणि लॅबमधले दादा बसलो होतो. टिपची लांबी, तीन फुल्या, मग तराजू. १०० मायक्रोलिटरची दहा वजनं, सरासरी ९९.४ मिलिग्रॅम, म्हणजे ९९.८ मायक्रोलिटर. दहावं वजन लिहिलं तेव्हा भूक लागल्याचं कळलं.

आजोबा काय म्हणाले

आम्ही राहतो ना. म. जोशी मार्गावर. आमच्या तोंडी तो अजून डिलाईल रोडच. रात्री उशिरा आल्यामुळे आजोबा जागे होते. ते गिरणीत स्पिनिंग खात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. मला वाटलं, रोबो, सॉफ्टवेअर, यांना काय सांगणार? तरी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “चाक बदललं आणि सूत तोललं नाहीत?”

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. सुताचा बारीकपणा ‘काउंट’ने मोजतात. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतील तितका काउंट. यंत्रावर वेगळ्या काउंटचं सूत काढायचं असेल तर एक दातेरी चाक बदलायचं. किती दात्यांचं चाक लावायचं ते हिशेबाने ठरलेलं असायचं. पण हिशेबावर विसंबून कोणी अख्खं खातं चालू करायचं नाही. आधी थोडं सूत काढायचं, दीड यार्ड घेराच्या चरखीवर ८० फेरे गुंडाळायचं, म्हणजे १२० यार्ड, आणि ते तोलायचं. ४० काउंटचं असेल तर २५ ग्रेन भरलं पाहिजे, म्हणजे आपले सुमारे १.६२ ग्रॅम. भरलं तर पुढे.

“हिशेब बरोबर असतोच गं,” आजोबा म्हणाले, “पण त्या दिवशी हवा दमट असते, कापूस दुसरा असतो, रूळ झिजलेला असतो. ते हिशेबाला कुठून कळणार?”

मी दहा वजनांचा कागद बॅगेतून काढून त्यांना दाखवला. आकडे मिलिग्रॅममधले, पद्धत त्यांचीच. आम्हाला हे कोणत्याच सेमिस्टरला असं शिकवलं नव्हतं.

तर मंडळी, थोडक्यात काय?

पुढच्या वर्षी आपल्यातले बरेच जण बीई प्रोजेक्टला काहीतरी हलणारं, मोजणारं, ओतणारं यंत्र करतील. माझ्या चुकीतून निघालेली यादी देते, फुकट आहे:

१. अपडेटआधी माहितीपत्रक वाचा. ‘पुन्हा मोजा’ हे शब्द शोधा.
२. जुने आकडे आणि जुनी आवृत्ती वहीत लिहून ठेवा. परत फिरायची वेळ येऊ शकते.
३. अपडेटनंतर जागा, लांबी आणि माप, तिन्ही पुन्हा घ्या. तराजू नसेल तर निदान खाण्याचा रंग पाण्यात घालून प्लेट भरा. एखादा खळगा फिका दिसला तर डोळ्यांनाही कळतं.
४. उत्तर माहीत असलेला नमुना प्रत्येक वेळी सोबत चालवा, आणि तो शेवटच्या थेंबापर्यंत वापरल्या जाणाऱ्या नळीतही ठेवा.
५. शुक्रवारी संध्याकाळी अपडेट करू नका!

आणि सहावं, जे यादीत बसत नाही. हिरवी खूण एवढंच सांगते, की यंत्राने सांगितलेलं केलं. सांगितलेलं बरोबर होतं का, हे ती सांगत नाही. ते आपल्यालाच बघावं लागतं, आणि चुकलं तर दहा मिनिटांच्या आत सांगावंही लागतं.

त्या काकांचा रिपोर्ट दुसऱ्या दिवशी सकाळी तयार होता. ते आले तेव्हा मी काउंटरजवळच होते. रिपोर्ट हातात घेऊन त्यांनी चष्मा लावला, आकडा वाचला आणि तो खरा आहे असं धरून कागदाची घडी खिशात घातली. तो आकडा कसा निघाला, कोणी मोजला, हे त्यांनी विचारलं नाही. विचारायचं त्यांना काही कारणही नव्हतं.

(तृतीय वर्ष, इन्स्ट्रुमेंटेशन)